दाटीतली मोकळी वाट

अणुकेंद्रकातलं द्रव्य इतकं दाट असतं, की त्याचा एक घन सेंटीमीटर तुकडा वीस कोटी टनांहून जड भरेल. त्यातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन प्रकाशाच्या पाव वेगापर्यंत धावतात. एवढ्या गर्दीत ते पदोपदी एकमेकांवर आदळून विखुरले पाहिजेत. १९३६ साली नील्स बोर यांनी तसंच मांडलं होतं : बाहेरून शिरलेला न्यूट्रॉन आपली ऊर्जा लगेच सगळ्यांत वाटून टाकतो. पण १९४९ मध्ये मारिया गोपर्ट मायर यांनी आणि स्वतंत्रपणे हान्स येन्सन व सहकाऱ्यांनी नेमकं उलट चित्र पुढे आणलं. ५०, ८२ किंवा १२६ न्यूट्रॉन असलेली केंद्रकं विशेष स्थिर का, हे प्रत्येक कण आपापल्या कक्षेत जवळजवळ निर्वेध फिरतो असं धरल्यावरच उलगडलं.

हा निर्वेधपणा त्या दाटीतूनच येतो, असं मला ठामपणे वाटतं. पाउलींच्या नियमानुसार एका अवस्थेत एकाच जातीचे दोन कण राहू शकत नाहीत. टकरीत एकाची ऊर्जा वाढली की दुसऱ्याची घटते. पण ऊर्जेच्या खालच्या पायऱ्या आधीच भरलेल्या, त्यामुळे घसरणाऱ्याला पाय ठेवायला जागा नसते आणि ती टक्कर होतच नाही. मग बोर चुकले का? नाही. बाहेरून येणारा न्यूट्रॉन भरलेल्या पायऱ्यांच्या बराच वर उतरतो. त्याने धक्का दिला तर दोघांनाही वर रिकामी जागा सापडते, म्हणून तो खरोखरच गुंतून पडतो. एकच नियम दोन्ही निरीक्षणं सांभाळतो.

यावर खरा आक्षेप अमेरिकेतल्या जेफरसन प्रयोगशाळेतून आला. कार्बनच्या केंद्रकातून वेगवान प्रोटॉन उडवला, की त्याचा जोडीदार विरुद्ध दिशेला सुटताना दिसतो. कोणत्याही क्षणी साधारण २० टक्के कण अशा घट्ट जोड्यांत असतात आणि त्यांतल्या बहुतेक जोड्या प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे कणांमधलं बल दाटीत बोथट झालेलं नाही, आणि कक्षांचं चित्र अपुरं आहे हे मान्यच करायला हवं. तरी या जोड्या क्षणभरच टिकतात. बाहेरून कुणी ऊर्जा पुरवली नाही तर दोघांनाही मूळ जागी परतावं लागतं, आणि लांबचा प्रवास अबाधित राहतो. न्यूट्रॉन ताऱ्यांचा अभ्यास करणारे भरलेल्या पायऱ्यांचा हाच हिशेब वापरतात : तापमान निम्मं झालं, की टकरींचं प्रमाण चौथाईवर येतं.