कोरड्या दरीची वाट

सोलापूरकडून तुळजापूरकडे येऊ लागले म्हणजे सपाट माळ हळूहळू मागे पडतो आणि समोर डोंगरांची एक लांबलचक रांग उभी राहते. हीच बालाघाटची रांग. धाराशिव जिल्ह्याचा बराचसा भाग या रांगेच्या माथ्यावर व उतारांवर वसलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांची उंची तिला नाही, की कोकणातील डोंगरांची हिरवीगार वनश्रीही नाही. उन्हाळ्यात तिच्याकडे पाहावे, तर पिवळे पडलेले गवत, काळे उघडे खडक, बोरीबाभळींची खुरटी झाडे आणि ठणठणीत कोरडे ओढे एवढेच दृष्टीस पडते. येथे पाण्याचा काय संबंध, असे नवख्या माणसास वाटल्यास नवल नाही. परंतु या साऱ्या दऱ्या, घळी आणि कपारी ज्याने कोरल्या, तो कारागीर पाणीच होय. वर्षातील बहुतेक दिवस तो घरी नसतो. मात्र येतो तेव्हा वर्दी देऊन येत नाही. कोरड्या मुलखातील डोंगरदऱ्यांत हिंडण्याची हौस ज्याला असेल, त्याने प्रथम या कारागिराचा स्वभाव ओळखला पाहिजे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस वाहू लागला. तो थंड होऊन त्याचा खडक बने, त्यावर पुन्हा नवा रस पसरे. असे थरावर थर साचून आपले पठार तयार झाले. हे सर्व थर सारखे नाहीत. काही थर लोखंडासारखे कठीण, तर काही सच्छिद्र व ठिसूळ आहेत. पावसाचे पाणी प्रथम खडकाच्या फटीत शिरते, ठिसूळ थर पोखरून काढते, आणि आधार गेल्यावर वरचा कठीण थर कोसळून पडतो. म्हणूनच आपल्या डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार येतो आणि ओढ्यांच्या वाटेत उभे कडे निर्माण होतात. बालाघाटच्या माथ्यावर पडलेल्या पाण्याच्या वाटाही दोन आहेत. एका बाजूचे पाणी तेरणा आणि मांजरा या नद्यांतून गोदावरीस मिळते. दुसऱ्या बाजूचे बोरी, सीना यांसारख्या नद्यांतून भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळते. जवळजवळ पडलेले दोन थेंब अशा रीतीने दोन महानद्यांचे प्रवासी होतात!

पाण्याची ही कारागिरी पाहावयाची असेल, तर येडशीजवळच्या रामलिंगास जावे. पायऱ्या उतरून खाली गेले म्हणजे झाडीने वेढलेल्या दरीच्या तळाशी महादेवाचे देऊळ लागते. ओढ्याने त्याला वळसा घातला आहे. सीताहरणाच्या वेळी जटायू येथेच घायाळ होऊन पडला, अशी लोकांची श्रद्धा आहे. पावसाळ्यात येथे धबधबा कोसळतो. उन्हाळ्यात तेच पात्र कोरडे पडते आणि वानरे त्यातील धोंड्यांवर उड्या मारीत हिंडतात. अशा कोरड्या पात्रात उभे राहून डोळसपणे पाहिले, तर पाण्याने लिहून ठेवलेला मजकूर वाचता येतो. धोंडे गुळगुळीत व वाटोळे असतील, तर ते पाण्याबरोबर लोळत आले आहेत. दोन्ही काठांच्या झुडपांत काडीकचरा अडकलेला दिसतो. तो ज्या उंचीवर आहे, त्या उंचीपर्यंत पूर चढला होता. हा कचरा आपल्या डोक्याहून उंच असेल, तर त्या जागी मुक्काम करणे वा शिदोरी सोडून निवांत बसणे शहाणपणाचे नाही.

कोरड्या मुलखातील पूर एवढा अचानक का येतो? येथे पाऊस थोडा पडतो हे खरे. पण पुष्कळदा तो थोड्याच वेळात कोसळून जातो. उन्हाळ्याच्या अखेरीस येणारा वळीव आणि परतीच्या मोसमातील गडगडाटी पाऊस हे याच जातीचे. उतारावर माती थोडी, झाडी विरळ आणि खडक उघडा. त्यामुळे पाणी जमिनीत मुरण्यास वाव मिळत नाही. ते तसेच खाली धावते. लहानमोठे ओहोळ एकाच ओढ्यास येऊन मिळतात. त्यातून दरी अरुंद असेल, तर पाण्याला पसरण्यास जागा नसते आणि ते पाहता पाहता वर चढते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणूनच गुडघाभर दिसणारे पाणीही धडधाकट माणसाचे पाय उखडून टाकते.

यातील सर्वांत फसवी गोष्ट अशी, की आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही पूर येऊ शकतो. अमेरिकेतील ॲरिझोना या रुक्ष प्रांतात अँटिलोप नावाची एक अरुंद व अत्यंत सुंदर घळ आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी काही प्रवासी ती पाहण्यासाठी आत उतरले होते. पाऊस पडला तो तेथून कित्येक मैल दूर. परंतु त्याचे पाणी त्या घळीतूनच धावत आले आणि ११ जणांना प्राणास मुकावे लागले. आपल्याकडेही ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. धाराशिव जिल्हा एरवी अवर्षणासाठी ओळखला जातो. त्याच जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये असा पूर आला, की परंडा तालुक्यात अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरच्या साहाय्याने सोडवावे लागले.

तथापि, हा पाहुणा अगदीच मुकाट्याने येत नाही. नितळ पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यावर पाने व काटक्या तरंगत येणे, धार वाढणे आणि वरच्या अंगाने घरघर ऐकू येणे या त्याच्या खुणा होत. यांपैकी एकही खूण दिसताच दरीच्या बाजूने वर चढावे. प्रवाहाच्या दिशेने पळू नये, कारण पाणी आपल्याहून वेगाने धावते. पलीकडे राहिलेली पिशवी आणण्यासाठी परत फिरू नये. पिशवी पुन्हा मिळेल, प्राण मिळणार नाहीत. अकोले तालुक्यातील साम्रद गावाजवळची प्रसिद्ध सांदण दरीही पावसाळ्यात याच कारणाने टाळावी. तिच्यात उतरण्याचे दिवस कोरडे.

पाण्याचा धोका जसा त्याच्या येण्यात, तसा त्याच्या नसण्यातही आहे. उन्हाळ्यात येथील पारा ४० अंशांच्या वर जातो आणि काळा खडक तव्यासारखा तापतो. घाम येतो तेव्हा शरीरातील पाणी व मीठ ही दोन्ही कमी होतात. डोके दुखू लागणे, भोवळ येणे, लघवी गडद पिवळी होणे ही त्याची लक्षणे होत. म्हणून पहाटे निघावे, ऊन तापण्यापूर्वी परतावे, डोके झाकावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. बरोबरचे निम्मे पाणी संपले, की पुढे जाण्याचा मोह आवरून मागे वळावे. डबक्यातील पाणी उकळल्यावाचून पिऊ नये. कड्याला आग्या मोहोळ लटकलेले दिसले, तर धूर व गलबला न करता दूर व्हावे. कपारीत हात घालण्यापूर्वी काठीने चाचपावे.

आणखी एक नियम सर्वांत सोपा. पण तोच अधिक विसरला जातो. कोठे जातो आणि केव्हा परतणार, हे घरी सांगून निघावे. ॲरन राल्स्टन हा कसलेला अमेरिकन गिर्यारोहक २००३ साली यूटा प्रांतातील एका निर्जन घळीत एकटाच उतरला. एक शिळा सरकून तिच्याखाली त्याचा हात अडकला. तो कोठे गेला आहे, हे कोणासही ठाऊक नव्हते. पाच दिवसांहून अधिक काळ तो तेथे अडकून राहिला आणि अखेर स्वतःचा हात कापून त्याला सुटका करून घ्यावी लागली. त्याचे धैर्य अचाट, यात शंका नाही. परंतु निघण्यापूर्वी उच्चारलेल्या एका वाक्याने त्याच्या शोधाला दिशा मिळाली असती. मुलांनी तर एकट्याने अशा ठिकाणी जाऊच नये. जाणत्या माणसाबरोबर जावे आणि वाटेत गुराखी वा मेंढपाळ भेटल्यास त्यास विचारावे. कोणत्या ओढ्याला केव्हा पाणी येते, हे त्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते.

आपल्या पूर्वजांनीही पाण्याचा असाच अभ्यास केला होता. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दगडी बंधारा बांधलेला आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, तो पुरा झाला. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. नदी भरून वाहू लागली, की बंधाऱ्यावरून 'नर' व 'मादी' हे दोन प्रचंड धबधबे कोसळतात आणि आतील महालात माणूस कोरडा उभा राहून तो देखावा पाहू शकतो. बांधणाऱ्यांनी पाणी अडविले, पण जादा पाण्याला वाटही ठेवली. म्हणून चार शतके लोटली तरी तो बंधारा उभा आहे.

डोंगरदऱ्यांत जाणाऱ्यानेही हेच ध्यानी धरावे. पाण्याशी झुंजण्यात पुरुषार्थ नाही; त्याची वाट मोकळी ठेवून आपली वाट निवडणे हेच खरे साहस. ज्याला केव्हा मागे फिरावे हे कळते, त्यालाच पुन्हा पुन्हा डोंगरावर जाण्याचा आनंद लाभतो.

स्वाध्याय

१. पाण्याला 'कारागीर' असे का म्हटले आहे?
२. कोरड्या ओढ्यातील कोणत्या खुणांवरून पूर्वीच्या पुराची उंची कळते?
३. आकाश निरभ्र असतानाही दरीत पूर कसा येऊ शकतो, ते उदाहरण देऊन सांगा.
४. नळदुर्गचा बंधारा चार शतके टिकला, याचे लेखकाने कोणते कारण दिले आहे?
५. तुमच्या गावाजवळील ओढ्याला केव्हा व किती पूर येतो, याची माहिती वडीलधाऱ्या माणसांकडून मिळवून दहा ओळी लिहा.