जयंती झाली, सातबाऱ्याचं काय?

१४ एप्रिल आला की तुमच्या गावात काय होतं, ते वेगळं सांगायला नको. वेशीपासून निळ्या पताका लागतात, विहारात सकाळी वंदना होते, मुलांची भाषणं होतात आणि दिवस कलला की मिरवणूक निघते. कुठं सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम असतो, तर कुठं वर्गणीतला मोठा वाटा डीजेवालाच घेऊन जातो. त्यावर जुनी मंडळी कुरकुरतात. कुरकुरू द्या. ज्या रस्त्यानं आज्याला मान खाली घालून जावं लागलं, तिथून नातवानं वर्षातून एकदा वाजतगाजत जावं, याला अर्थ नाही असं कोण म्हणेल?

पण त्या दिवशी सरकारी सुट्टी असल्यानं तलाठ्याच्या कार्यालयाला कुलूप असतं. आणि गंमत अशी, की ही तारीख त्याच कार्यालयातल्या कागदांशी बांधलेली आहे.

बाबासाहेबांचं जन्मशताब्दी वर्ष १४ एप्रिल १९९० रोजी सुरू झालं. पुढं २८ नोव्हेंबर १९९१ ला राज्य शासनानं निर्णय काढला. भूमिहीन मागासवर्गीयांनी १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात गायरान व सरकारी पडीत जमिनी शेतीसाठी कसायला घेतल्या असतील, तर ती अतिक्रमणं नियमित करावीत, असा तो निर्णय. अतिक्रमण हा शब्द कागदावरचा. माणसं म्हणतात, "आम्ही गायरान कसतो."

जमिनीचा हा प्रश्न बाबासाहेबांनीच हाती घेतलेला. महार वतनाच्या सुधारणेसाठी १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं, १९३७ मध्ये खोती मोडण्यासाठी आणलं. त्यांच्या माघारी १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला.

आज मराठवाड्यात फिरा. दगडगोटे वेचून केलेल्या तुकड्यावर ज्वारी, कापूस उभा दिसेल. घरात विचारलं तर म्हातारी गाठोड्यातून दंडाच्या जुन्या पावत्या काढून दाखवेल. सातबारा मात्र तिच्या नावावर नाही. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, आणि रस्त्यात जमीन गेली तर मोबदल्यासाठीही वणवण.

गुरांना चरायला जागा उरली नाही, ही गावाची तक्रार खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला, तो त्याच काळजीपोटी. मात्र सरकारच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींसाठी त्यातच अपवाद ठेवलाय. नोटीस हातात पडते तेव्हा हे वाक्य कोणी वाचून दाखवत नाही.

तेव्हा मंडळी, यंदा मिरवणूक जोरात काढा. व्यासपीठावर आमदार असतील, तहसीलदारही हार घालायला येतील. भाषण संपलं की त्यांना एवढंच विचारा, आपल्या गावचे १९९१ च्या निर्णयाखालचे अर्ज किती, मंजूर किती, पडून किती? आणि सुट्टी संपून कार्यालय उघडलं की गाव नमुना एक-ई म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीची नक्कल मागा. १४ एप्रिल १९९० च्या आधीची आपल्या घरातल्या कुणाच्या नावाची नोंद त्यात आहे का, ते स्वतः बघा. पावत्या सोबत न्या, पण मूळ प्रत कुणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या.