प्लसला प्लस जोडलं की झालं?

"प्लसला प्लस, मायनसला मायनस. दोन बॅटऱ्या झाल्या, आता रात्रभर फ्रिज चालवा." गाडीतच मुक्काम करणाऱ्यांकडून, आणि त्याहून वाईट म्हणजे गॅरेजमध्ये, हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता राग येतो. मागच्या हिवाळ्यात तारकर्लीला आमच्या शेजारी थांबलेलं एक कुटुंब सकाळी असंच अडकलं होतं. बॅटऱ्या दोन, दोन्ही उतरलेल्या. सेल्फ मारला की नुसती टकटक. गाडी ऑटोमॅटिक, त्यामुळे धक्का मारूनही उपयोग नाही.

नुसत्या पॅरलल जोडलेल्या दोन बॅटऱ्या म्हणजे एक मोठी बॅटरी. फ्रिज दोन्हींतून करंट घेतो आणि दोन्ही बरोबरच उतरतात. दुसरी बॅटरी आपण बसवतो ती मुक्कामाचा खर्च तिने सोसावा आणि पहिली सकाळच्या सेल्फसाठी भरलेली राहावी म्हणून. इंजिन बंद झालं की दोघी सुट्या झाल्याच पाहिजेत. तेवढंच होत नसेल तर पैसे कशाला घालवले?

दोघींची घडणही वेगळी असते. सेल्फच्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात. काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच भरून घ्यायचं, हे तिचं काम. ती वारंवार तळापर्यंत उतरवली की लवकर मरते. रात्रभर थोडा थोडा करंट द्यायला जाड प्लेटांची डीप सायकल बॅटरी लागते. शिवाय नवीला जुनी कायमची जोडून ठेवली की जुनी तिलाही खाली ओढते.

यावर हमखास येणारं उत्तर: "मोठ्या डिझेल गाड्यांना कंपनीच दोन बॅटऱ्या पॅरलल देते की!" देते. पण त्या एकाच जातीच्या, एकाच वयाच्या आणि दोन्ही सेल्फसाठीच असतात. ट्रकच्या दोन बॅटऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. त्यातल्या एकीवरूनच १२ व्होल्टचा पंखा किंवा टेप घेतला तर ती अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही बाद होतात.

मग सुटं कसं करायचं? जुन्या गाड्यांत व्होल्टेज ओळखणारा रिले उत्तम चालतो: साधारण १३.३ व्होल्टला जोडतो, १२.८ ला तोडतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत मात्र इंधन वाचवण्यासाठी गाडीचा कॉम्प्युटर अल्टरनेटरचा व्होल्टेज चालत्या गाडीतही खाली आणतो. रिले समजतो इंजिन बंद झालं. अशा गाडीला डीसी-डीसी चार्जरच हवा. तो येणारा व्होल्टेज कमी-जास्त झाला तरी दुसऱ्या बॅटरीला हवा तेवढाच देतो आणि करंटही आवरतो.

लिथियम बॅटरी असेल तर हे आवरणं फार महत्त्वाचं. तिचा अंतर्गत रोध इतका कमी की ती अल्टरनेटर देईल तितकं ओढते. गाडी उभी, इंजिन मंद, अल्टरनेटरचा पंखाही मंद, आणि उष्णता मात्र पूर्ण. कुणाला हे भय दाखवणं वाटत असेल तर नेदरलँड्सच्या व्हिक्ट्रॉन एनर्जी कंपनीने केलेल्या चाचणीची चित्रफीत पाहावी. त्यात अल्टरनेटरमधून धूर निघताना दिसतो. स्पितीला जाणाऱ्यांसाठी: शून्य अंशाखाली या बॅटऱ्या चार्ज केल्या तर कायमच्या खराब होतात.

"अल्टरनेटर १४ व्होल्ट देतो म्हणजे डिकीतल्या बॅटरीला १४ पोचतात." नाही. जाऊन-येऊन १० मीटर तांब्याची ६ स्क्वेअर एमएम वायर आणि २५ अँपिअर करंट धरला तर जवळपास पाऊण व्होल्ट वाटेतच जातो. १६ स्क्वेअर एमएम घ्या, पाव व्होल्टवर भागेल.

"१०० एएच म्हणजे १०० एएच वापरायचे." लेड-ॲसिडमध्ये निम्मेच वापरा. "घरची इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी टाकू डिकीत." ती एका जागी उभी राहण्यासाठी बनवलेली, घाटात हिंदकळून ॲसिड सांडेल, आणि चार्ज होताना निघणारा हायड्रोजन बंद गाडीत साठेल. "फरशीवर ठेवली की उतरते." लाकडी आणि रबरी खोक्यांच्या काळातली गोष्ट.

फ्यूज मात्र दोन हवेत, प्रत्येक बॅटरीच्या अगदी जवळ एक. दोन्ही बॅटऱ्यांना जोडणारी वायर दोन्ही टोकांनी जिवंत असते. मधे कुठे पत्र्याला घासून सोललेली असली तर दोन्ही बाजूंनी करंट येतो आणि एकच फ्यूज असेल तर आग दुसऱ्या बाजूने लागते.

गॅरेजने काय करून दिलं आहे ते आज संध्याकाळी तपासता येईल. इंजिन बंद करा, फ्रिज चालू ठेवा, तासाभराने मल्टिमीटर दोन्ही बॅटऱ्यांना लावा. दुसरीबरोबर पहिलीही उतरत असेल आणि आकडे अगदी सारखे येत असतील, तर मधला रिले एक तर बसवलेलाच नाही किंवा चिकटलेला आहे.