खो दिल्यानंतर

जून महिन्यात आमच्या सोलापूरच्या नवी पेठेत पाय ठेवायला जागा नसते. गणवेश, दप्तरं, वह्या यांची खरेदी चाललेली असते. मी शाळेत खेळाचा शिक्षक होतो. अशाच गर्दीत एक जुनी विद्यार्थिनी भेटली, लेकीला घेऊन. म्हणाली, "सर, ही खो-खो खेळते. जिल्ह्याच्या संघात निवड झालीय. पण घरात सगळे विचारतात, खेळून पुढं काय?" तिथं मला धड उत्तर देता आलं नाही. ते आज देतो.

मंडळी, उत्तर शेजारच्याच जिल्ह्यात आहे. सारिका काळे धाराशिवच्या. तेराव्या वर्षी खो-खो खेळू लागल्या. घरची परिस्थिती अशी, की कित्येक वर्षं दिवसातून एकदाच जेवण मिळे, असं त्यांनीच पुढे सांगितलं. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकलं. आणि त्याच वर्षी पैशांच्या अडचणीमुळे त्या खेळ सोडायला निघाल्या होत्या! प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली, म्हणून त्या परतल्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोपटूला हा मान तब्बल २२ वर्षांनी मिळत होता. तेव्हा त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होत्या. म्हणजे शाळाशाळांच्या स्पर्धा भरवणं, नवी मुलं मैदानावर आणणं, हे त्यांचं काम झालं होतं.

चीनच्या लांग पिंग यांचंही असंच. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी खेळाडू म्हणून व्हॉलीबॉलचं सुवर्ण मिळवलं. पुढे त्या प्रशिक्षक झाल्या. २००८ मध्ये अमेरिकेच्या महिला संघाला रौप्य आणि २०१६ मध्ये रिओत चीनला सुवर्ण मिळवून दिलं. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी हे सुवर्ण मिळवणारी ती पहिलीच व्यक्ती.

फरक आहे, तो लपवायला नको. व्हॉलीबॉल १९६४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. खो-खोचा पहिला विश्वचषक झाला तो जानेवारी २०२५ मध्ये, दिल्लीला. प्रियांका इंगळेच्या संघानं अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. तरीही या खेळात पैसा अजून थोडाच. म्हणून नोकरीचा विचार आधीपासून हवा. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी ठरावीक पातळीवरचं यश लागतं, आणि त्या पदाचं शिक्षणही लागतं. तेव्हा प्रमाणपत्रं जपून ठेवा, आणि खेळापायी कॉलेज सोडू नका.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठजणी रांगेत बसतात, एक धावते. धावणारीला मनाला येईल तशी दिशा बदलता येत नाही. दुसऱ्या बाजूला पळणारीला गाठायचं, तर तिकडे तोंड करून बसलेल्या मैत्रिणीला खो द्यावा लागतो. ती उठते, आणि खो देणारी तिच्या जागी बसते. मैदान सोडून जात नाही.

त्या माउलीला एवढंच सांगतो. लेकीला खेळू द्या. एक दिवस तिचं धावणं थांबेल, पण खेळ तिथं थांबत नाही.