नोटबुक तिथे, ब्राउझर इथे

ज्युपिटर नोटबुकचे दोन भाग असतात: ब्राउझरमध्ये दिसणारे पान आणि ते पान पुरवून कोड चालवणारा सर्व्हर. दोन्ही एकाच संगणकावर असावेत असे बंधन नाही आणि गणिते मोठी झाली की ते तसे राहतही नाहीत. बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये लॅपटॉपवर काम करणाऱ्या संशोधकाचा कोड सँकी तलावापलीकडे, भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात चालू असू शकतो. तिथला ‘परम प्रवेग’ हा महासंगणक सी-डॅकने राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली उभारला. २०२२ मध्ये कार्यान्वित झालेल्या या यंत्राची क्षमता ३.३ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ३,३०० लाख कोटी आकडेमोडी इतकी आहे. यंत्र तीन किलोमीटरवर असो की पुण्यात, जोडणीची रीत बदलत नाही.

नोटबुक सर्व्हर सहसा ८८८८ या पोर्टवर आणि फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकतो. हा पत्ता ‘हाच संगणक’ एवढेच सांगतो, त्यामुळे बाहेरच्या कुणालाही तिथे पोहोचता येत नाही. नवशिक्याला ही अडचण वाटते. मग तो सर्व्हरला ०.०.०.० वर, म्हणजे यंत्राच्या सगळ्या पत्त्यांवर, ऐकायला लावतो. काम लगेच होते, आणि धोका नेमका त्यातच आहे. नोटबुकची एक सेल ज्याच्या हाती लागली त्याला मालकाच्या फाइली वाचता येतात, पुसता येतात, हवा तो प्रोग्राम चालवता येतो. २०१६ अखेरच्या ४.३ आवृत्तीपासून सर्व्हर आपणहून टोकन मागू लागला, तरी साध्या एचटीटीपीवरून ते टोकन उघडेच प्रवास करते.

म्हणून सर्व्हर बाहेर न आणता एसएसएच या सुरक्षित जोडणीने त्याच्यापर्यंत वाट काढावी. हेलसिंकी तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेल्यानंतर १९९५ मध्ये तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिले, आणि पोर्ट फॉरवर्डिंग ही त्याची आजही फार उपयोगी पडणारी सोय आहे. आधी लॅपटॉपवर किल्ल्यांची जोडी तयार करून सार्वजनिक किल्ली दूरच्या खात्यात ठेवायची. तिथे ब्राउझर न उघडता नोटबुक सुरू करायचे. मग लॅपटॉपवरून टनेल, म्हणजे एसएसएचमधून जाणारी ही वाट, उघडताना तीन गोष्टी सांगायच्या: लॅपटॉपवरचा पोर्ट, पलीकडचा पत्ता, पलीकडचा पोर्ट. मधल्या पत्त्याच्या जागी लिहायचा ‘लोकलहोस्ट’, म्हणजे १२७.०.०.१, लॅपटॉपचा नसून पलीकडच्या यंत्राचा असतो; बहुतेकांची गाडी इथेच अडते. ८८८८ आधीच कुणी घेतला असेल तर सर्व्हर आपणहून ८८८९ वर जातो, म्हणून सुरू होताना छापलेली ओळ वाचलीच पाहिजे.

महासंगणकावर आणखी एक टप्पा वाढतो. एसएसएचने गाठता येतो तो लॉगिन नोड. तिथे जड नोटबुक चालवणे म्हणजे सगळ्यांची वाट अडवणे. स्लर्म या रांगव्यवस्थेकडे जॉब द्यायचा, मिळालेल्या कॉम्प्युट नोडचे नाव पाहायचे आणि लॉगिन नोडवरून उडी मारून त्या नोडपर्यंत टनेल न्यायचे. कॉम्प्युट नोडवर थेट एसएसएच बंद असेल, तर सर्व्हरला आतल्या जाळ्यावर ऐकायला लावावे लागते. सामायिक यंत्रावर १२७.०.०.१ सुद्धा खासगी नसतो. त्याच नोडवरचा दुसरा वापरकर्ता तिथे पोहोचू शकतो. सोयीसाठी टोकन बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नये.

वीज गेली, वाय-फाय तुटले, तर टनेल बंद पडते. सर्व्हर जोडणी तुटली तरी सत्र जिवंत ठेवणाऱ्या टीमक्समध्ये किंवा स्लर्मच्या जॉबमध्ये असला तर तो तगतो आणि गणितही चालू राहते. मात्र ब्राउझर तुटलेला असताना छापले गेलेले आउटपुट हरवू शकते. तासन्‌तास चालणाऱ्या कामाचे निकाल थेट फाइलीत लिहावेत.

उलट प्रसंगही येतो: ग्राफिक्स कार्डाचे यंत्र मल्लेश्वरमच्या घरी आणि माणूस बाहेरगावी. अनेक घरगुती ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही. कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. मग राउटरवर पोर्ट उघडून काही साधत नाही. घरच्या यंत्रानेच बाहेर जोडणी करावी लागते: भाड्याच्या सर्व्हरपर्यंत उलटे टनेल टाकून किंवा वायरगार्ड या व्हीपीएनवर उभ्या असलेल्या टेलस्केलसारख्या सेवेतून. वायरगार्ड मार्च २०२० पासून लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्येच आहे.

पूर्ण वर्गाला नोटबुक द्यायचे असेल तर ज्युपिटरहब बसवतात. तो प्रत्येकाला लॉगिननंतर वेगळा सर्व्हर देतो आणि स्लर्मशीही जोडता येतो. विद्यार्थ्यांना टनेल शिकवावे लागत नाही. एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र आणि खाती सांभाळायला मात्र एक माणूस लागतो.