मोटारीचें तेल किती तापलें?

मोटारीच्या तबकडीवरील पाण्याचा काटा घरांतील लहानथोरांस ओळखीचा असतो. तो मध्यावर स्थिरावला कीं एंजिन तापलें, आतां वेग घ्यावयास हरकत नाहीं, असें आपण धरून चालतों. हा समज अपुरा आहे. काटा सांगतो तें एंजिनाभोंवतीं फिरणाऱ्या पाण्याचें उष्णतामान. यंत्राचे भाग ज्याच्या आधारानें घासल्यावांचून फिरतात त्या तेलाविषयीं तो अवाक्षर काढीत नाहीं. पाणी लवकर तापतें. तळच्या चेंबरांतील तीन-चार लिटर तेलास मात्र पुष्कळदां दुप्पट वेळ लागतो. आणि ५डब्ल्यू-३० जातीचें तेल १०० अंश सेल्सिअसच्या मानानें ४० अंशांवर पांच-सहा पट दाट असतें.

पोर्श कंपनीच्या १९६३ सालीं जगापुढें आलेल्या ९११ मोटारीचें एंजिन १९९८ पर्यंत हवेनें व तेलानेंच थंड होत असे. पाणीच नाहीं म्हटल्यावर चालकापुढें तेलाचा काटा ठेवणें भागच होतें. बी. एम. डब्ल्यू.च्या १९९८ च्या एम-५ मोटारींत तर एंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा दाखविणारे दिवे तेल तापेल तसतसे एकेक मालवत जातात. ही युक्ति मला फार शहाणपणाची वाटते. आंकडे वाचण्याची यातायातच नाहीं.

आतां एकत्र कुटुंबांतील मोटारीचा दिनक्रम पाहा. सकाळीं मुलें शाळेंत, मग मंडई, सायंकाळीं आजीबाई देवळांत. प्रत्येक खेप दोन-तीन किलोमीटरांची. एक लिटर पेट्रोल जळलें कीं सुमारें एक लिटर पाणी तयार होतें. त्यांतील बहुतेक वाफ धुराबरोबर जाते, थोडी पिस्टनच्या कड्यांवरून तेलांत उतरते. तेल शंभर अंशांच्या आसपास पोंचलें तर ती उडून जाते. न पोंचलें तर आंतच मुरते. तेलाच्या झांकणाखालीं दुधाळ साय दिसते ती हीच. “गाडी फिरतेच किती?” म्हणून तेल बदलण्याचें लांबविणारे गृहस्थ म्हणूनच उलटा हिशेब करतात. उत्पादकांच्या पुस्तिकांत अशा तुटक खेपा कष्टाच्या वापरांत गणलेल्या असतात.

अति उष्णताहि तितकीच वाईट. शंभर-एकशेदहा अंश ही निरोगी प्रकृति; एकशेतीसच्या पुढें तेल झपाट्यानें जीर्ण होतें, कारण दर दहा अंशांस ही क्रिया सामान्यतः दुप्पट वेगानें होते. वाईहून भरल्या गाडीनें पसरणीचा घाट चढतांना गिअर खालचा, वारा थोडा, आणि बेअरिंगांची उष्णता तेलावर. पाण्याचा काटा तेव्हांहि शांतच असूं शकतो.

तेलाचा काटा नसल्यास पहिलीं दहा-पंधरा मिनिटें गाडी सौम्यपणें चालवावी, व आठवड्यांतून एकदां तरी अर्धा तास सलग हिंडवून आणावी. टर्बो असेल तर घाटमाथ्यावर पोंचतांच एंजिन बंद करूं नये; मिनिटभर तसेंच चालूं द्यावें. नाहींतर टर्बोच्या तापलेल्या दांड्याभोंवतीं अडकलेलें तेल तेथेंच करपतें.