मातृगौरवाचा सोव्हिएत हुकूमनामा
महायुद्ध चालू असतानाच, ८ जुलै १९४४ रोजी, सोव्हिएत राज्याने ‘माता-वीरांगना’ ही पदवी निर्माण केली. (मराठीतील ‘वीरमाता’ म्हणजे वीराची आई, येथे वीरत्व मातेचेच मानले आहे.) दहा अपत्यांना जन्म देऊन वाढविणारी स्त्री या पदवीस पात्र ठरे, मात्र धाकटे मूल वर्षाचे व्हावे आणि इतर हयात असावीत, अशी अट होती. देशरक्षणार्थ कामी आलेली मुले गणनेत धरली जात. फ्रान्सने १९२० मध्ये व नाझी जर्मनीने १९३८ मध्ये काढलेली पदकेही अपत्यसंख्येवरच आधारलेली होती. विचारसरणी भिन्न, मोजमाप एकच!

परंतु हुकूमनाम्याचा खरा रोख त्याच्या इतर कलमांत दिसतो. अविवाहितांबरोबरच अल्पापत्य नागरिकांवरही कर बसला. घटस्फोट दुष्कर झाला. विवाहनोंदणीवाचून माता झालेल्या स्त्रीचा तर पितृत्व सिद्ध करण्याचा व पोटगी मागण्याचा हक्कच नष्ट करण्यात आला. तिला सरकारी भत्ता मिळू लागला खरा, पण पिता जबाबदारीतून मोकळा झाला. ज्या लेखाने मातृत्वाला सिंहासन दिले, त्यानेच काही मातांना दाराबाहेर ठेवले. पितृत्वविषयक हा निर्बंध १९६८ च्या कौटुंबिक कायद्याने शिथिल केला. पदवी १९९१ पर्यंत टिकली. २०२२ मध्ये रशियाने ती पुनरुज्जीवित केली, दहा अपत्यांच्या अटीसह.